नवे ड्रायव्हर आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या मनात आले असेल की, हा विषय संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातला. त्याला या व्यासपीठावर काय काम? शंका रास्त आहे. परंतु विषय दिसतो तितका लहान नाही. आपण रोख पैसे मोजून एखादी वस्तू घरी आणतो. ती आपली होते. आणि तरीसुद्धा तिचा कर्ता दर महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या घरात शिरून तिच्या अंतर्भागात फेरफार करून जातो. हे फेरफार आपल्या हिताचे की त्याच्या, हे आपण कसे ओळखावयाचे? शिलाईयंत्राच्या किंवा सायकलीच्या बाबतीत हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. आता तो घरोघर उद्भवला आहे. ग्राफिक्स कार्डाचे उदाहरण आम्ही मुद्दाम निवडले ते एवढ्याचसाठी की, येथे वाद मोजमापाने तोडता येतो.

तक्रार पुष्कळांच्या परिचयाची आहे. एखाद्या तरुणाने काटकसर करून चांगल्यापैकी कार्ड घेतले. दोन-तीन वर्षे त्यावर सर्व खेळ सुरळीत चालले. मग कंपनीने नव्या पिढीची कार्डे बाजारात आणली. त्याच सुमारास नवे ड्रायव्हर आले. ते त्याने घातले. आणि कार्ड मंदावल्यासारखे वाटू लागले. यावरून तो अनुमान काढतो की, नवा माल खपावा म्हणून कंपनीने जुन्या कार्डाच्या पायात जाणूनबुजून बेडी अडकविली. हे अनुमान बरोबर आहे काय?

त्यासाठी प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. हालचाल डोळ्यांना अखंड वाटावी म्हणून हे सारे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे, आणि एका चित्राला वेळ किती, तर सेकंदाचा साठावा भाग. हे काम मुख्य प्रोसेसरला एकट्याला झेपणारे नव्हे. म्हणून शेकडो, हजारो लहान गणक एकत्र बसविलेले वेगळे कार्ड त्याच्या जोडीला देतात.

आता गंमत अशी की, खेळ लिहिणारा मनुष्य कोणत्याही एका कार्डासाठी खेळ लिहीत नाही. तो डायरेक्टएक्स, ओपनजीएल, वल्कन अशा एखाद्या सर्वमान्य भाषेत आज्ञा लिहितो. कार्डाला ती भाषा मुळीच कळत नाही. त्याची स्वतःची बोली असते, आणि ती दर पिढीला बदलते. या दोघांच्या मध्ये उभा असलेला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्यांतही प्रकार असतात. एक शब्दाला शब्द ठेवणारा. दुसरा दोन्ही पक्षांची नस ओळखून, मोजक्या शब्दांत काम उरकणारा. खेळातील प्रकाश, सावली, पाणी, धूर यांची गणिते लहान लहान प्रोग्रामांच्या रूपाने येतात. त्यांना शेडर म्हणतात. ते ऐन वेळी कार्डाच्या बोलीत उतरविण्याचे काम या दुभाष्याकडेच असते. तेव्हा दुभाषा बदलला की कामाचा वेग बदलतो, यात नवल नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलने आर्क जातीची कार्डे विक्रीस आणली, तेव्हा डायरेक्टएक्स ९ या जुन्या भाषेतील खेळांवर ती अगदीच अडखळत होती. पुढच्या काही महिन्यांत नुसते ड्रायव्हर बदलले आणि त्याच कार्डांवर तेच खेळ लक्षणीय वेगाने चालू लागले. कार्डाच्या सिलिकॉनला कोणी हातही लावला नव्हता. ज्या साधनाने वेग इतका वाढू शकतो, त्याने तो कमीही करता येईल. एवढ्यापुरती तक्रार करणाऱ्याची बाजू खरी आहे.

शिवाय त्याच्या संशयाला इतिहासाचाही थोडा आधार आहे. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा खेळ नावावरून ओळखतो, असे उघडकीस आले. परीक्षकांनी खेळाच्या फायलीचे नाव ‘क्वेक’चे ‘क्वॅक’ केले मात्र, वेग घटला आणि चित्र मात्र अधिक स्वच्छ दिसू लागले! म्हणजे नाव ओळखीचे दिसले की हा दुभाषा चित्राची प्रत उतरवून वेग दाखवीत होता. २००३ साली एनव्हिडियाची पाळी आली. ‘थ्रीडीमार्क०३’ नावाच्या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या मार्गानेच फिरतो. त्या मार्गावरून जे दिसणार नाही ते काढावयाचेच नाही, अशी सोय ड्रायव्हरमध्ये करून ठेवलेली होती. चाचणी तयार करणाऱ्या फ्यूचरमार्क कंपनीने मे २००३ मध्ये ही पळवाट बुजविली, तेव्हा त्यांच्या बड्या कार्डाचे गुण जवळजवळ २४ टक्क्यांनी खाली आले. पुढे दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन काढले आणि ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला गेला. तो शब्द मागे घेतल्याने परीक्षार्थ्याला प्रश्नपत्रिका आधी ठाऊक होती ही गोष्ट बदलत नाही, असे आमचे मत आहे.

तथापि या दोन्ही प्रकरणांत लबाडी कोणत्या दिशेची होती ते पाहावयास हवे. ती नवे कार्ड वेगवान दाखविण्याची होती. जुने मंद करण्याची नव्हती. जुने मंद करण्याचा जो सर्वांत गाजलेला प्रकार आहे, तो ग्राफिक्स कार्डांतला नसून फोनमधला आहे. ज्यांची बॅटरी झिजली आहे अशा आयफोनांचा वेग आपल्या नव्या आवृत्तीने कमी होतो, ही गोष्ट अॅपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केली. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून हा उपाय केला, असे तिचे म्हणणे. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नव्हते. परंतु ही गोष्ट ग्राहकाला नीट सांगितली नव्हती, आणि त्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. लोक एकदा दुधाने पोळले की ताकही फुंकून पितात. ग्राफिक्स कार्डांवरील संशयाला धार आली ती बरीचशी या प्रकरणामुळे.

आता मूळ खटल्याकडे वळू. या वादातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण म्हणजे एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचे. (ही कंपनी आपल्या पिढ्यांना शास्त्रज्ञांची नावे देते, केप्लरला आणि मॅक्सवेलला त्याचे काय वाटले असते कोण जाणे.) केप्लरचे पहिले मोठे कार्ड जीटीएक्स ६८० हे मार्च २०१२ मध्ये आले, जीटीएक्स ७८० मे २०१३ मध्ये, ६४९ डॉलर किमतीचे. सप्टेंबर २०१४ मध्ये मॅक्सवेल पिढीची ९७० व ९८० ही कार्डे आली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच पिढीतले ९६० हे १९९ डॉलरचे स्वस्त कार्ड. १९ मे २०१५ रोजी ‘द विचर ३’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि गहजब उडाला. कारण या खेळात १९९ डॉलरचे नवे कार्ड ६४९ डॉलरच्या जुन्या कार्डाच्या जवळजवळ बरोबरीला येऊन बसले होते. जुन्या खेळांत ज्या दोघांमध्ये ठळक अंतर होते, त्यांत हे घडावे याचा अर्थ काय? कंपनीने त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ३५३.०६ क्रमांकाचे ड्रायव्हर काढले, आणि त्यात केप्लर कार्डांचा या खेळातील वेग सुधारला. लोकांनी याचाच पुरावा केला. म्हणाले, ‘पाहा, ओरड केली म्हणून दिले, म्हणजे आधी दाबून ठेवले होते.’

हे का घडले ते समजून घेण्यासाठी केप्लरच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. एखाद्या बांधकामावर चार मुकादम आणि बत्तीस-बत्तीस मजुरांच्या सहा टोळ्या आहेत अशी कल्पना करा. केप्लरच्या प्रत्येक विभागात नेमकी हीच रचना होती: १९२ गणक, म्हणजे सहा टोळ्या, आणि चार मुकादम. प्रत्येक मुकादम एका वेळी एक हुकूम सोडतो, म्हणजे चार टोळ्या कामाला लागतात. उरलेल्या दोन टोळ्यांना काम मिळावयाचे तर एखाद्या मुकादमाने एकदम दोन हुकूम सोडले पाहिजेत. आणि ते दोन हुकूम परस्परांवर अवलंबून नसले पाहिजेत. ‘आधी विटा आणा, मग त्या रचा’ हे दोन हुकूम एकाच क्षणी देऊन भागत नाही. त्यातून केप्लरमध्ये वीज वाचविण्यासाठी आणखी एक बदल केला होता. कोणते हुकूम केव्हा सोडावयाचे याचा पुष्कळसा हिशेब पूर्वी कार्डातील मंडले स्वतः करीत असत. तो आता आगाऊ चिठ्ठीवर लिहून देण्याचे काम ड्रायव्हरमधील अनुवादकाकडे दिले. म्हणजे दुभाष्याने चिठ्ठी नीट, विचार करून लिहिली तर सहाही टोळ्या राबतात. उरकून टाकली तर एक तृतीयांश मजूर बिड्या ओढीत बसतात.

मॅक्सवेलमध्ये रचना सुटसुटीत केली. १२८ गणक, म्हणजे चार टोळ्या आणि चार मुकादम. ज्याची टोळी त्याच्या हाताखाली. येथे दुभाष्याने फारशी हुशारी दाखविली नाही तरी सर्वांना काम मिळते. यावरून उघड होते की, केप्लर ही जातच अशी होती की तिला प्रत्येक नव्या खेळासाठी कंपनीतील माणसांनी बसून मेहनत करावयास हवी. जोवर केप्लर हाच दुकानातला माल होता, तोवर ती मेहनत होत असे. मॅक्सवेल आले, आणि कुशल माणसांचा वेळ साहजिकच तिकडे गेला. शिवाय ‘द विचर ३’ मध्ये केसांचे आणि लोकरीचे बारीक तंतू रेखाटण्याची जी सोय होती, तिला पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडण्याची ताकद लागे, आणि ती मॅक्सवेलमध्ये अधिक होती. हा भाग ड्रायव्हरच्या हातचा नव्हे.

तेव्हा येथे दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि सर्व गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. जुने कार्ड, जुनाच खेळ, आणि फक्त ड्रायव्हर नवा, अशा स्थितीत वेग घटतो हे एक विधान. नव्या खेळात जुने कार्ड नव्या कार्डाच्या मानाने मागे पडते हे दुसरे. पहिल्या विधानाची चाचणी त्या काळात आणि पुढेही अनेक परीक्षकांनी केली. एकच केप्लर कार्ड, एकच संगणक, आणि मागील दोन-तीन वर्षांतील निरनिराळे ड्रायव्हर पाळीपाळीने घालून तेच खेळ मोजले. फरक थोड्या टक्क्यांचा निघाला, कधी वर, कधी खाली. सतत खाली जाणारी रेषा काही दिसली नाही. दुसरे विधान मात्र खरे ठरते. शिकवणी बंद झालेला विद्यार्थी शिकलेले विसरत नाही; पण अभ्यासक्रम बदलला की तो मागे पडतो. कंपनीने जुन्या कार्डाला मारले नाही. त्याच्याकडे लक्ष देणे कमी केले. ग्राहकाच्या खिशाला दोन्ही सारखेच लागते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु आरोप करताना खून आणि हयगय यांतला फरक ठेवलाच पाहिजे.

मुद्दाम मंद करण्याच्या तर्काविरुद्ध आणखी एक व्यावहारिक कारण आहे, आणि आम्हांला तेच सर्वांत वजनदार वाटते. जुने ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावर ठेवलेले असतात. कोणीही ते उतरवून घ्यावेत, कार्डात घालावेत आणि मोजावे. लबाडी करून तिचा पुरावा स्वतःच्याच दुकानाच्या दर्शनी भागात मांडून ठेवणारा व्यापारी विरळा.

केप्लरच्या शेजारी नेहमी दुसरे एक उदाहरण ठेवतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडी कंपनीचे आर९ २९०एक्स हे कार्ड आले. महिनाभरात एनव्हिडियाने जीटीएक्स ७८० टीआय काढून त्यावर मात केली. पण काही वर्षांनी नव्या खेळांत चित्र पालटले, आणि पुष्कळ ठिकाणी एएमडीचे कार्ड पुढे निघाले. एएमडीचे चाहते याला जुन्या मद्याची उपमा देतात. जितके मुरेल तितके चांगले. उपमा गोड आहे, परंतु कारणे रोखठोक आहेत. एएमडीच्या कार्डावर ४ गिगाबाइट स्मृती होती, प्रतिस्पर्ध्यावर ३. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांत एएमडीच्याच त्या जातीचा ग्राफिक्स भाग होता; म्हणून पुढली सात-आठ वर्षे बहुतेक मोठे खेळ त्या रचनेला धरूनच लिहिले गेले. आणि तिसरे असे की, एएमडीचे सुरुवातीचे ड्रायव्हर तितकेसे पक्व नव्हते. भात पहिल्या पंगतीला कच्चा वाढला आणि दुसऱ्या पंगतीला शिजला, तर त्याला मुरणे म्हणावयाचे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याचा अर्थ नवा ड्रायव्हर कधीच अपाय करीत नाही असा नव्हे. अपाय झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि त्यांतली काही वेगापेक्षाही गंभीर आहेत. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ क्रमांकाचे ड्रायव्हर मागे घ्यावे लागले, कारण त्यात कार्डाच्या पंख्याचे नियंत्रण बिघडून कार्डे तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या नव्या ड्रायव्हरनेही काही कार्डांचे पंखे मंद गतीवर अडकवून ठेवले. काही दिवसांतच दुरुस्ती काढावी लागली. मार्च २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या ५३१.१८ या आवृत्तीत खेळ बंद केल्यावरही मुख्य प्रोसेसर विनाकारण राबत राही. एकाच ड्रायव्हरमध्ये अनेक पिढ्यांची सोय असते. नव्या पिढीसाठी एक खिळा ठोकताना जुन्या पिढीचा पाट हलतो, आणि जुन्या कार्डांवरची तपासणी कमी झालेली असल्याने तो हललेला कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. आम्ही ज्याला हयगय म्हटले तिचे हे दुसरे रूप.

आणि एक प्रसंग असा आहे की जेथे जुन्या ग्राफिक्सचा वेग खरोखरच, उघडपणे आणि सकारण घटू पाहत होता. जानेवारी २०२० मध्ये इंटेलने जाहीर केले की, आपल्या प्रोसेसरांत अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्समध्ये एका प्रोग्रामची मागे राहिलेली माहिती दुसऱ्याला वाचता येण्यासारखी फट आहे. नव्या पिढ्यांत ती बुजविणे सोपे होते. पण आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल, म्हणजे २०१२-१३ च्या सुमाराच्या प्रोसेसरांत, प्रत्येक वेळी काम बदलताना सर्व पाट्या धुऊन पुसून ठेवाव्या लागत. लिनक्ससाठी सुचविलेल्या पहिल्या दुरुस्तीने वेगात मोठी घट होते असे चाचण्यांत दिसले. म्हणून ती पुन्हा नव्याने रचण्यात आली, आणि ज्याला हवे त्याला ती बंद ठेवता येईल अशी सोयही पुढे दिली गेली. येथे सर्व व्यवहार उघड्यावर झाला हे महत्त्वाचे. लिनक्समधील असे ड्रायव्हर कोणालाही वाचता येतात. म्हणून तेथे संशयाला जागाच कमी. उलट २०१९ साली व्हॉल्व्ह कंपनीने एएमडी कार्डांसाठी एसीओ नावाचा नवा अनुवादक जाहीर केला, त्याचा लाभ पुढे जुन्या कार्डांनाही मिळाला.

आता ज्याचे कार्ड नव्या ड्रायव्हरनंतर खरोखर मंद वाटते, त्याने काय समजावे? प्रथम हे की, भाषांतरित केलेले शेडर संगणक साठवून ठेवतो आणि ड्रायव्हर बदलला की तो साठा रद्द होतो. म्हणून पहिल्या दिवशी खेळ ठिकठिकाणी अडखळतो. दोन दिवस खेळल्यावर हे जाते; परंतु मनावर ठसा पहिल्या दिवसाचाच राहतो. दुसरे असे की, ड्रायव्हरबरोबरच विंडोज आणि खेळ यांच्याही नव्या आवृत्त्या येत असतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांवरील दुरुस्त्या आल्या, तेव्हा हॅसवेल किंवा त्याहून जुने प्रोसेसर असलेल्यांना मंदी जाणवेल, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले होते. त्या आठवड्यात कोणी ग्राफिक्स ड्रायव्हरही घातला असेल, तर बोल कोणाला लागला असेल हे सांगावयास नको.

तिसरे कारण आपल्याकडे विशेष लागू पडते, ते म्हणजे उष्णता. केप्लरपासूनची एनव्हिडियाची कार्डे आपली गती तापमान आणि वीज पाहून स्वतःच कमीजास्त करतात. ८० अंशांच्या आसपास गेली की पावले आखडू लागतात. चार वर्षांत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसतो आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत होते. डिसेंबरात मोजलेला वेग आणि चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर असताना मोजलेला वेग यांची तुलना करून ड्रायव्हरला फासावर चढविणे हा न्याय नव्हे. दुरुस्तीच्या दुकानात आम्ही अशी कार्डे उघडलेली पाहिली आहेत की, त्यांतून निघालेल्या धुळीने एखादी लहानशी उशी भरावी.

ज्याला निकाल हवा असेल त्याच्यासाठी परीक्षेची रीत सोपी आहे. ज्या खेळात स्वतःची अंगभूत चाचणी आहे असा एक खेळ घ्यावा, आणि त्याची आवृत्ती परीक्षा संपेपर्यंत बदलू देऊ नये. कार्ड आधी स्वच्छ करावे. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून, पुन्हा घालून, तीच चाचणी तीन-चारदा चालवावी. पहिला आकडा सोडून द्यावा, कारण तो शेडरांच्या भाषांतरात खर्च झालेला असतो. मग नवा ड्रायव्हर घालून तसेच करावे. आणि मग, ही पायरी बहुतेक लोक गाळतात, परत जुना ड्रायव्हर घालून तिसऱ्यांदा मोजावे. परत गेल्यावर वेगही परत आला तरच दोष ड्रायव्हरचा. ६० चित्रांची ५९ झाली तर ते मोजमापातले चढउतार समजावेत. ६० ची ५० झाली आणि परत ६० झाली, तर खुशाल जुन्यावर राहावे आणि कंपनीला कळवावे.

फक्त जुन्यावर कायमचे राहण्यात एक अडचण आहे. ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभाऱ्यापर्यंत पोचणारा प्रोग्राम असल्यामुळे त्यातील फटी वेळोवेळी बुजवाव्या लागतात. केप्लर कार्डांसाठी खेळांच्या दृष्टीने सुधारलेले ड्रायव्हर २०२१ साली थांबले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत देण्याचे कंपनीने ठरविले होते. आर९ २९०एक्स ज्या कुळातले, त्या कुळाला एएमडीने जून २०२१ मध्ये निवृत्त केले. भारतात आजही पुष्कळ घरी असलेल्या जीटीएक्स १०६० सारख्या कार्डांची, म्हणजे पास्कल पिढीची, आणि तिच्या आधीच्या मॅक्सवेलचीही पाळी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली; त्यांच्यासाठी ५८० क्रमांकाची मालिका शेवटची, आणि ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीस फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. त्या घालाव्यात, आणि घालण्यापूर्वी एकदा, घातल्यावर एकदा असा वेग वहीत टिपून ठेवावा.